५० वर्षं जुनी ब्रूमची फायबर बोट घ्यावी का? (भाचा नॉरिचला, मी नाशिकच्या अंबडला)

अंबडचा_फायबरवाला:
नमस्कार मंडळी, विषय नाशिकच्या बाहेरचा आहे पण इथे एकदोन जण जहाजावर होते हे माहितीये म्हणून टाकतोय. माझा भाचा इंग्लंडात नॉरिचला नोकरीला आहे. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून बोट घ्यायचं डोक्यात घेतलंय, आणि बोट म्हणजे मासेमारीची होडी नाही, ३७ फुटी मोटार क्रूझर, मागे केबिन, पुढे केबिन, किचन, संडास, सगळा वन बीएचके. ब्रूम ओशन ३७ नाव, सत्तरच्या दशकातली. म्हणजे माझ्याच वयाची निघाली. कंपनी १८९८ पासूनची, नॉरिचच्या शेजारी ब्रंडल म्हणून गाव आहे यार नदीच्या काठी, तिथली. आधी लाकडी करायचे, मग फायबरवर आले. भाचा म्हणतो मामा तू फायबरमध्ये आहेस तू सांग घेऊ का नको.

आता मी २२ वर्षं एमआयडीसीत टाक्या, डक्ट, कूलरची बॉडी असलं काम करतोय. बोटी म्हणाल तर एका धरणावरच्या पॅडल बोटी केल्यात, बस. मॅट (काचतंतूंची चादर), रेझिन, जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) कळतं, पण जी वस्तू ५० वर्षं पाण्यातच उभी आहे तिच्याबद्दल फोनवर फोटो बघून काय सांगू? जाहिरातीत पर्किन्स ६.३५४ ची दोन इंजिनं लिहिलीत आणि "बुडाला किरकोळ फोड, दिसण्यापुरतेच" असंही लिहिलंय. ते दिसण्यापुरतेच वाचून माझी झोप उडालीये.

गोदाकाठचा_पक्या:
एवढ्या लांब कशाला, गंगापूर धरणावर आण म्हणा, आम्ही पण बसू. बाकी मला काही कळत नाही, वाचतोय.

जहाजावरचा_मिस्त्री:
मर्चंट नेव्हीत इंजिन रूमलाच आयुष्य गेलं, आता कॉलेज रोडला नातवंडं सांभाळतो. फायबरवाले, बुडाची एवढी चिंता करू नका. साठ-सत्तरच्या दशकात फायबरच्या बोटी नवीन होत्या, किती वर्षं टिकतील ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून लोक भीतीपोटी मॅटचे थरावर थर चढवायचे. त्या काळातल्या चांगल्या यार्डातल्या बोटींचं बूड आजच्या बोटींपेक्षा जाडच सापडतं. ते फोड म्हणजे ऑस्मॉसिस, फायबरात पाणी मुरून आलेले. त्याने बोट एका रात्रीत बुडत नाही, फक्त भाव पाडून मागायला कारण मिळतं.

खरा खर्च इंजिनात असतो. ६.३५४ म्हणजे ६ सिलिंडर आणि ३५४ घनइंच, साधारण ५.८ लिटर. पर्किन्सची नावं अशीच असतात, ४.२३६ म्हणजे ४ सिलिंडर २३६ घनइंच. चांगलं दणकट इंजिन आहे, आपल्याकडच्या मॅसी ट्रॅक्टरला जे सिम्पसन बसतं ते पण पर्किन्सच्याच घराण्यातलं, त्यामुळे सिन्नर-निफाडचा कुठलाही जुना ट्रॅक्टर मिस्त्री ते बघून घाबरणार नाही. पण ट्रॅक्टरला रेडिएटर असतो, इथे नदीचं पाणी आत ओढून हीट एक्स्चेंजरमधून फिरवतात आणि एक्झॉस्टमध्ये सोडतात. सडतं ते इथे, एक्झॉस्टचा एल्बो (वाकडा जोडपाइप) आतून खाल्लेला असतो आणि बाहेरून रंग एकदम मस्त. भाच्याला एकच सांगा, बोट बघायला जायच्या आधी मालकाला बजावून ठेव की इंजिन चालू करून ठेवायचं नाही. गेल्या गेल्या हात लावून बघायचं ब्लॉक गार आहे का. गरम लागला तर समजायचं सकाळी सकाळी कोणीतरी मेहनत घेऊन चालू केलंय, आणि मग त्याला म्हणायचं आम्ही संध्याकाळी परत येतो. गार इंजिन पहिल्या झटक्यात घेतंय का, धूर कुठल्या रंगाचा आणि किती वेळ राहतो, एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का, एवढ्यावर अर्धी बोट कळते.

आणि डिझेलच्या टाक्या. या बोटी वर्षाचे आठ महिने नुसत्या बांधलेल्या असतात, टाकीत तळाशी पाणी साचतं आणि पाणी-डिझेलच्या मधल्या थरात काळी बुळबुळीत बुरशी वाढते, ती फिल्टरला जाऊन बसते ती पण नेमकी प्रवाहात मधोमध असताना. फिल्टरचं भांडं उघडून दाखव म्हणावं.

नाशिकरोडची_माहेरवाशीण:
अय्या, ब्रंडल! आम्ही नॉरिचला ११ वर्षं आहोत, ब्रंडल स्टेशनवर उतरलं की यार्डं आणि बोटीच बोटी. बोटीतलं तांत्रिक मला कळत नाही पण आम्ही भाड्याची बोट दोनतीन वेळा घेतलीये म्हणून तिकडचं सांगते.

पहिलं म्हणजे हे ब्रॉड्स तळी-नद्यांचं जाळं आहे, २०० किलोमीटरपेक्षा जास्त फिरता येतं आणि आत कुठे लॉक (पाण्याची पातळी बदलायचे दरवाजे) नाही, म्हणून नवख्यांना बरं पडतं. गंमत म्हणजे ही तळी निसर्गाने केलेली नाहीत, मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट (दलदलीतली जळाऊ माती) खणून नेलं, त्या खड्ड्यांत पाणी भरलं. हे पण १९५० च्या दशकात जॉइस लँबर्ट नावाच्या बाईंनी दाखवून दिलं, तोवर सगळे नैसर्गिकच समजायचे.

दुसरं, स्पीड लिमिट ताशी ३ ते ६ मैल. म्हणजे आपली सायकल पुढे जाईल. दोन-दोन मोठी इंजिनं तिथे नुसती गुरगुरत बसणार, समुद्रात जाणार असाल तरच त्यांचा उपयोग. आणि फक्त गोडं शांत पाणी समजू नका, भरती-ओहोटी आहे, ग्रेट यारमथच्या तिथे तर पाणी असं ओढतं की बोटवाले वेळ बघूनच जातात, ओहोटी संपून पाणी थांबतं तेव्हा. पुलांचं पण तसंच. आपल्याकडे पुरात विचारतात ना पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं, तशी इथे पुलाच्या आधी पट्टी रंगवलेली असते, फक्त उलटी, पाणी चढलं की आकडा उतरतो, कारण तो पुलाखाली किती जागा उरली ते सांगतो. पॉटर हायगमचा दगडी पूल इतका बुटका आहे की भाड्याची केबिनवाली बोट स्वतःहून खालून न्यायला देतच नाहीत, ३७ फुटी ब्रूमने तिकडे जायचं नावच काढू नये. भाच्याला विचारा की छत, डोलकाठी सगळं खाली पाडल्यावर बोटीची पाण्यावरची उंची किती राहते.

तिसरं कागद. दरवर्षी ब्रॉड्स अथॉरिटीचा टोल, तो बोटीच्या लांबी-रुंदीवर असतो. दर ४ वर्षांनी बोट सेफ्टीचं सर्टिफिकेट, त्यात गॅस फार कडक बघतात कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी जाऊन बसतो आणि उडून जायला वाटच नसते. इन्शुरन्स लागतो, आणि जुन्या बोटीला ते आधी सर्व्हे मागतात. शिवाय बांधायच्या जागेचं भाडं. ह्यांच्या ऑफिसातल्या एकाने बोट हौसेने घेतली आणि पहिल्या वर्षाचा हिशोब मांडल्यावर बायकोला दाखवलाच नाही.

गोदाकाठचा_पक्या:
तिघांत एक बोट म्हणजे भावकीतली विहीर झाली की. पाळी कोणाची आणि मोटर जळाली तर पैसे कोणाचे. आमच्याकडे दोन पिढ्या बोलत नाहीत.

जहाजावरचा_मिस्त्री:
पक्या हसण्यावारी नेऊ नका, बरोबर बोलला. लिहून घ्या, कोण सोडून गेला तर हिस्सा कोणत्या भावाने.

अंबडचा_फायबरवाला:
सगळ्यांचे आभार. मिस्त्रीकाका, फोडांवरून मला आता माझीच एक टाकी आठवली. सुरुवातीच्या वर्षांत एका पार्टीने घासाघीस करून पाण्याच्या टाकीला साधं जीपी रेझिन लावायला लावलं, मी पण लावलं, पाण्याला टिकणारं आयसो रेझिन महाग पडत होतं. चार वर्षांनी टाकी परत आली, आतून हरभऱ्याएवढे फोड. एक फोड स्क्रू ड्रायव्हरने टोचला तर आतलं चिकट पाणी पिचकारीसारखं उडालं, वास थेट व्हिनेगरचा. जेलकोटमधून पाणी हळूहळू आत झिरपतं, रेझिनमधलं जे विरघळण्यासारखं असतं ते विरघळवतं, मग ते द्रावण अजून पाणी ओढून घेतं आणि फुगतं. गोड्या पाण्यात जास्त, कारण खारं पाणी एवढं ओढलं जात नाही. म्हणजे नदीवरच उभी राहणारी बोट त्या बाबतीत समुद्रातल्या बोटीपेक्षा जास्त मार खाते, हे उलटं वाटतं पण तसंच आहे.

दुरुस्ती पण मला माहितीये, जेलकोट सोलायचा, गोड्या पाण्याने परत परत धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग इपॉक्सी. माझी टाकी मे महिन्यात शेडबाहेर उन्हात टाकून दिली, वाळली. तिकडे कसलं आलंय ऊन, ३७ फुटी बूड वाळायला महिनोन्महिने शेडमध्ये उभी करायची आणि शेडचं भाडं मोजायचं. म्हणून काका तुम्ही म्हणता तसं बुडणार नाही हे मान्य, पण "दिसण्यापुरतेच" हे मला मान्य नाही.

भाच्याशी काल रात्री बोललो. बुडापेक्षा मला आता डेकची जास्त शंका येतेय, कारण डेकमध्ये हलकं पडावं म्हणून फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा (एकदम हलकं लाकूड) नाहीतर प्लाय घालतात आणि रेलिंगच्या एकेका स्क्रूमधून पाणी गेलं की आत लापशी होते, वरून काही दिसत नाही. त्याला म्हटलं प्लास्टिकची हातोडी घे आणि सगळ्या डेकवर वीतवीत अंतरावर ठोकत जा, जिथे टणटण वाजतंय ते ठीक, जिथे आवाज मेला, नारळ नासका निघाल्यासारखा, तिथे खडूने गोल कर. तो म्हणाला मामा मालक समोर उभा असेल. म्हटलं मग तर अजून जोरात ठोक.

शनिवारी जातोय तो. इंजिन गार ठेवायचा मेसेज मालकाला आजच टाकायला लावला, त्यावर अजून उत्तर नाही.

नाशिकरोडची_माहेरवाशीण:
शनिवारी आम्ही पण मोकळे आहोत, खडू घेऊन येऊ का? भाच्याला विचारा.

जहाजावरचा_मिस्त्री:
ताई, टॉर्च पण न्या. इंजिनच्या खाली तेलाचा ट्रे असतो, तो नुकताच पुसलेला दिसला तर मला इथे लगेच कळवा.