४०० गुणांनी वरचढ खेळाडूशी बरोबरी: दोनदा विचारलं, ते चुकलं का?

सातवीपट्टी:
ऑनलाइन बुद्धिबळाचा डाव. माझं रेटिंग १५६०, समोरच्याचं १९६०. एका चालीला तीन दिवस, डाव पाच महिने चालला. मधेच माझं एक प्यादं गेलं आणि शेवटी उरलं ते हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती. माझा राजा ई८, हत्ती ए६. त्याचा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती एच७. अठराव्या शतकातला फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिडोर याचा बचाव मला पाठ होता: प्यादं सहाव्या पट्टीवर (आडव्या रांगेत) येईपर्यंत आपल्या हत्तीने ती पट्टी सोडायची नाही. मी बरोबरी सुचवली. उत्तर नाही, नुसती चाल. सहा चालींनी पुन्हा सुचवली, तेच. शेवटी तो ई६ खेळला, मी हत्ती ए१ला नेला आणि मागून शह देत राहिलो. तीनदा तीच स्थिती आली, डाव बरोबरीत सुटला.

दोनदा विचारणं आगाऊपणा झाला का? आणि जास्त टोचतंय ते हे: ही बरोबरी माझी, की १७७७ मध्ये ती दाखवून ठेवणाऱ्या फिलिडोरची?

काळाउंट:
पहिल्यांदा विचारलंत ते योग्यच. पण पटावर काही बदललं नसताना परत विचारू नये. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमांत अवाजवी प्रस्ताव हा प्रतिस्पर्ध्याला त्रास देण्यातच धरलाय. तो खेळत राहिला यातही गैर नाही. त्याच्या जागी मीही खेळलो असतो, या शेवटात भले भले चुकतात.

गणितमास्तर:
४०० गुणांच्या फरकाला एलोच्या सूत्राने (रेटिंग त्यावरच ठरतं) तुमच्याकडून डावात ०.०९ गुणाची अपेक्षा. मिळाला अर्धा गुण. के (फरकाला गुणायचा आकडा) २० धरला तर रेटिंगमध्ये साधारण ८ गुणांची कमाई. फिलिडोरचं म्हणाल, तर लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर पत्रव्यवहारी (एका चालीला काही दिवस देणाऱ्या) डावात इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक प्रोग्रॅम, चालत नाही, ओपनिंगची (सुरुवातीच्या चालींची) पुस्तकं चालतात. आयसीसीएफ या पत्रव्यवहारी बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेत तर इंजिनही चालतं. तुमच्या डोक्यात होतं ते तुमचंच.

सातवीपट्टी:
दोघांचे आभार. एक सांगायचं राहिलं. पट मी फ्रिजवर मांडून ठेवला होता. आईने धूळ पुसताना ई५चं प्यादं ई६वर ठेवलं. मी ते पाहून ए१ पाठवणारच होतो, मोबाइलवरची स्थिती बघितली म्हणून थांबलो. तेव्हा सहावी पट्टी सोडली असती, तर त्याचा राजा पुढे घुसला असता. बरोबरी कदाचित तरीही टिकली असती, पण मला ती जमली असती असं वाटत नाही.

काल त्याला दुसऱ्या प्रस्तावाबद्दल माफी मागणारा निरोप पाठवला. उत्तरात नव्या डावाचं आमंत्रण आलं, पांढरी मला. आज सकाळी डी४ खेळलो.