सामुराईला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: जपानी इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतोय. सामुराईसाठी सरसकट 'शिलेदार' लिहिलं, तर घरातच खटका उडाला. तुम्ही काय लिहाल?

– शिलेदार नको. तो स्वतःचा घोडा-हत्यार घेऊन चाकरीला येणारा. सामुराईत पायी लढणारेही होते. मूळ क्रियापद 'साबुराऊ', म्हणजे थोरांजवळ सेवेला हजर राहणं. तिथे तलवार नाहीच, हजेरी आहे! लढवय्यासाठी जपानीत 'बुशी' हा वेगळा शब्द. आपल्याकडे 'अमक्याच्या पदरी होता' म्हणतात ना, तेच. 'केराई'ला, म्हणजे धन्याच्या चाकरीतल्या माणसाला, तर 'पदरचा माणूस' चपखल बसतो.

– मग 'एकनिष्ठ सेवक' का नको? सगळीकडे तेच वाचतो.

– निदान सोळाव्या शतकातल्या माणसांना ते विशेषण चिकटवू नका. तोदो ताकातोराचं बघा. जन्म १५५६, ओमी प्रांतातला. १५७० साली आनेगावाच्या लढाईत आझाई घराण्याकडून लढला. पुढे धनी बदलत बदलत १५७६ मध्ये तोयोतोमी हिदेनागाच्या पदरी ३०० कोकुंवर लागला. (एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, ढोबळमानाने एका माणसाचं वर्षाचं पोट.) हिदेनागा १५९१ मध्ये वारला. मग त्याच्या वारसाची चाकरी. तोही १५९५ मध्ये गेल्यावर ताकातोरा कोया डोंगरावर जाऊन राहिला. हिदेनागाचा भाऊ हिदेयोशी, तेव्हाचा जपानचा सत्ताधीश, याने त्याला तिथून परत बोलावलं. तरी १६०० साली सेकिगाहाराच्या लढाईत तो लढला तोकुगावा इएयासूकडून, म्हणजे पुढे शोगुन (जपानचा लष्करी सर्वेसर्वा) झालेल्याकडून. शेवटी त्सूचा दाइम्यो (मोठा जहागीरदार), तीन लाखांहून जास्त कोकु! किल्ले बांधण्यात हातखंडा, त्यामुळे असा माणूस कुणालाही हवाच असणार.

– म्हणजे फितूरच की.

– नाही हो. फितूर शोभेल तो त्याच लढाईतल्या कोबायाकावा हिदेआकीला, ऐन रणात बाजू बदलली म्हणून. धनी गेला किंवा कदर होईना म्हणून दुसरीकडे चाकरी धरणं ही त्या काळची रीत. आजन्म एकाच घराण्याला बांधलेला सामुराई ठळक झाला तो पुढच्या एदो काळात (तोकुगावा शोगुनांची राजवट, १६०३ ते १८६८), लढाया थंडावल्यावर. मला तर यातच गंमत वाटते.

– 'हातामोतो'ला काय? शब्दशः 'निशाणाच्या पायथ्याशी'.

– रणांगणावरचा, धन्याच्या निशाणाभोवतीचा असेल तर 'हुजुरात' घ्या. एदो काळात मात्र ती शोगुनच्या थेट चाकरांतली पायरी झाली: उत्पन्न दहा हजार कोकुंच्या आत, पण समोर जाऊन भेटण्याचा मान. तिथे मूळ शब्दच ठेवा.

प्रश्नकर्ता: 'पदरचा माणूस' घेतो. 'रोनिन', म्हणजे धनी नसलेला सामुराई, तसाच ठेवतोय. त्याचा शब्दशः अर्थ 'लाटेवरचा माणूस' छान वाटतो, पण वाचक त्याला खलाशी समजेल. आणि हल्ली जपानात प्रवेशपरीक्षा हुकून पुन्हा तयारीला बसलेल्या पोरांनाही रोनिनच म्हणतात. त्यांना कुठला धनी सोडून गेला म्हणायचं?