अटॅक फ्रॉम मार्स की मिडीव्हल मॅडनेस: हाताला काय फरक लागतो?

निळाबॉल:
दोन्ही पिनबॉल मशीन डिझायनर ब्रायन एडीची, पहिलं १९९५ चं, दुसरं १९९७ चं. दोन्हींना दोनच फ्लिपर (बॉल वर मारायच्या खालच्या दांड्या), मधोमध फोडायचं एक मोठं लक्ष्य. तरी मार्सवर मी सुसाट सुटतो आणि मिडीव्हलवर अडखळतो. हा माझ्या हाताचा दोष की मशीनचा स्वभावच वेगळा?

उजवाफ्लिपर:
स्वभाव वेगळा आहे. मी दोन्ही वर्षानुवर्षं शेजारी शेजारी खेळलोय, त्यामुळे खात्रीने सांगतो.

मार्सवर बॉल रॅम्पवरून वर जातो, तारेच्या रुळावरून घरंगळत थेट फ्लिपरशी येतो, आणि तू लगेच पुढचा शॉट मारतोस. हाताला लय सापडते. टोटल अनायहिलेशनच्या (अनेक बॉल एकदम खेळायच्या टप्प्याच्या) मागे लागलास की रॅम्प आणि लूप (वळशाची वाट) एकामागून एक घ्यावेसे वाटतात, थांबून विचार करायची गरजच पडत नाही.

मिडीव्हल थांबवतं. बॉल कॅटपल्टमध्ये (फेकयंत्रात) बसतो, जादूगार मर्लिनच्या भोकात अडकतो, मग पुन्हा तुझ्या हाती येतो. किल्ल्याचा पूल आधी ठोकून खाली पाडायचा, मग आतली जाळी ठोकायची, मग कुठे बुरूज हादरतात. पुढचा किल्ला त्याहून चिवट. म्हणजे तोच मधला शॉट पुन्हा पुन्हा, आणि तो चुकला तर बॉल सरळ दोन फ्लिपरांमधल्या फटीकडे, म्हणजे गेलाच. मध्येच खालून ट्रोलचं डोकं वर येतं, त्याला लागून बॉल कुठे उडेल याचा भरवसा नाही. मला मात्र हेच आवडतं. किल्ला कोसळताना येणारा तो धडाड आवाज ऐकायला मी पूर्ण बॉल पणाला लावतो, आणि माझ्या मते मिडीव्हल मार्सपेक्षा मोठं मशीन आहे.

एक उपाय आहे. मार्समध्ये मधल्या उडत्या तबकडीपुढे तीन टार्गेटं आहेत ना? मधलं मारू नकोस. उजव्या फ्लिपरने डावीकडचं मार, बॉल तिरका परततो आणि मधली फट चुकवतो. हीच तिरकी सवय मिडीव्हलच्या पुलावर नेलीस की अर्धे बॉल वाचतील.

वायरफॉर्म:
वरचं सगळं पटलं, पण आधी मशीन बघा. उतार साडेसहा अंशांचा असायला हवा. मी ज्या मिडीव्हलवर शिकलो त्याची डाव्या फ्लिपरला ताकद देणारी कॉइल थकलेली होती. उजवीकडचे शॉट पोचायचेच नाहीत, आणि मी दोन महिने माझ्याच नेमाला दोष देत बसलो होतो. बॉल फ्लिपरवर धरून थांबवा आणि शांतपणे रॅम्प मारा. दहापैकी निम्मे तरी चढले नाहीत तर मशीन तपासायला सांगा. आणि रबर जुनं, कडक झालं असेल तर बॉल फ्लिपरवर धरणंच अवघड जातं.

निळाबॉल:
आज तसंच खेळलो. कॉइल ठीक आहे, दहापैकी सात चढले. पुलावर तिरका मारत गेलो. दोनदा बॉल डाव्या फ्लिपरच्या टोकाशी आला, तिथे हलका धक्का देऊन धरला. पहिला किल्ला पडला! ट्रोलनी मात्र तिसरा बॉल घेतला. उद्या परत जाणार.