'अशेम्ड बॉय' का चुकतंय?

मांजराकाठ (लातूर):
बँकेच्या परीक्षेची तयारी करायलो. काल टेस्टमधी 'चूक ओळखा'ला वाक्य होतं, 'द अशेम्ड बॉय हिड बिहाइंड द डोअर'. मला तर काहीच खोट दिसली नाही, पोरगं ओशाळलं अन् दारामागं लपलं, पण उत्तरात म्हणे 'अशेम्ड'च चूक. का, ते लिहिलंच नाही. क्लासचे सर म्हणले पाठ करून टाक. कोणी नीट सांगता का? अन् शेमफुल, एम्बॅरस्ड हे सगळं एकच का?

गोदाकाठची मास्तरीण:
मराठीत 'ओशाळलेलं पोरगं' बिनधास्त चालतं, म्हणून तुमच्या कानाला खटकलं नाही. इंग्रजीत अशेम्ड हे अस्लीप, अफ्रेड, अलाइव्हच्या पंगतीतलं, नामाआधी सहसा बसत नाही. 'द बेबी इज अस्लीप' म्हणतात, 'अस्लीप बेबी' नाही, तसंच 'द बॉय वॉज अशेम्ड'. आता 'अ डीपली अशेम्ड मॅन' असं आधी क्रियाविशेषण लावून लिहिलेलं सापडेल तुम्हाला, ते चालतं, पण परीक्षेत नुसतं अशेम्ड नामाआधी दिसलं की खूण करून मोकळे व्हा.
शेमफुल कृत्याला लागतं. 'आय ॲम शेमफुल' लिहिलं तर मीच लाजिरवाणा असा अर्थ निघतो, अर्जात तर लिहूच नका बाबा.

तुरीचं_वरण:
एम्बॅरस्ड वेगळं भाऊ. लग्नात आहेराच्या टायमाला माईकवर मामाचं नाव चुकलं की एम्बॅरस्ड, मामाकडून उसने घेतलेले पैसे बुडवले अन् आता तोंड लपवत फिरायलाव तर अशेम्ड. पहिल्यात नुसती फजिती, दुसऱ्यात आपण वाईट वागल्याची टोचणी. स्पेलिंगमधी आर दोन, एस पण दोन, तिथं लई जणांचा मार्क जातो.

बालाघाट७:
अन् 'व्हॉट अ शेम'चा लाजेशी काही संबंध नाही बरं का. आमच्या चुलतभावानं साहेबाला सांगितलं की सोयाबीन पावसात गेलं, साहेब म्हणला 'व्हॉट अ शेम', ह्याला वाटलं आपली अब्रूच काढली, दोन दिवस बोलला नाही त्याच्याशी. साहेब बिचारा 'अरेरे' म्हणत होता.

मांजराकाठ (लातूर):
आता डोक्यात बसलं, थँक्यू मॅडम. पण अशेम्डनंतर ऑफ लावायचं का टू?

गोदाकाठची मास्तरीण:
वागणुकीची लाज वाटली तर ऑफ, 'अशेम्ड ऑफ हिज बिहेवियर'. क्रियापद आलं की टू. त्यात एक गंमत आहे, 'आय वॉज अशेम्ड टू आस्क' म्हणजे लाजेपायी बहुतेक विचारलंच नाही, पण 'आय ॲम अशेम्ड टू से' म्हणणारा लाज वाटते म्हणत म्हणत सगळं सांगून मोकळा होतो. दुसऱ्याच्या वतीनं आपल्यालाच लाज वाटली तर फॉर, 'आय फेल्ट अशेम्ड फॉर हिम'. रिकाम्या जागेत बहुतेक ऑफच विचारतात, तो आधी पक्का करा.