23.26 कुणाला आठवतंय?

अनवाणी (धागाकर्ती)

रविवारी चहाच्या वेळी धनलक्ष्मी सेकरचं नाव निघालं. भाऊ म्हणाला, "कोण गं ही?" म्हटलं, तामिळनाडूची धावपटू, टोकियो ऑलिंपिकहून परत आली तेव्हा... "हां, ती विमानतळावर रडत होती ती!" एका सेकंदात ओळखली.

ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी: ऑगस्ट 2021. मिश्र रिलेच्या चमूत राखीव म्हणून ती टोकियोला गेली होती. ती तिकडे असताना इकडे बहीण वारली. पोरीचं चित्त विचलित व्हायला नको म्हणून आईनं कळू दिलं नाही. तिरुचिरापल्लीच्या विमानतळावर उतरली, स्वागताला माणसं जमलेली, आणि तिथेच तिला कळलं. गुडघ्यावर कोसळली. कॅमेरे सुरूच होते. ती क्लिप माझ्या तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आली, एकीला तर मागे सनईही लावलेली होती.

आता दुसरी गोष्ट. त्याच वर्षी मार्चमध्ये पतियाळाच्या फेडरेशन कप या राष्ट्रीय स्पर्धेत या मुलीनं 100 मीटरला नामांकित धावपटू द्युती चंदला मागे टाकलं, 11.39 सेकंद. मग 200 मीटरला अंतिम शर्यतीच्या आधीच 23.26. पी. टी. उषाचा 1998 चा स्पर्धा विक्रम 23.30 होता, तो मोडला. माझ्याकडे आलेल्या तिन्ही क्लिपांत यातलं काहीही नव्हतं. "ऑलिंपिकहून परतलेली खेळाडू" एवढंच.

माझं म्हणणं असं की त्या क्षणी कॅमेरा खाली घ्यायला हवा होता. आणि नाहीच घेतला, तर निदान रडणारी मुलगी कोण आहे ते तरी सांगायचं. बोला.

रोखठोक_नाना

ताई, रागावू नका, पण हा 23.26 तुम्हाला कधी कळला? मार्चमध्ये की ऑगस्टमध्ये?

अनवाणी

ऑगस्टमध्ये. क्लिप बघून शोधलं. तुमचा रोख कळला.

रोखठोक_नाना

मग झालं तर. ती क्लिप नसती तर तुमच्या भावाला नाव माहीत नसतं, तुम्हाला आकडा माहीत नसता आणि हा धागाही नसता. आपल्याकडे क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाकडे लोक बघतात ते दोनच वेळा, पदक मिळाल्यावर नाहीतर रडल्यावर. हे वाईट आहे, मान्य. पण कॅमेरा खाली घेतला की लोक 23.26 बघायला लागतील, हा भाबडेपणा झाला. कॅमेरा खाली गेला तर काहीच दिसणार नाही.

जुना_क्रिकेटवेडा

मला मूळ मुद्दाच पटत नाही. दुःखानं खेळ झाकला जातो? 1999 चा वर्ल्ड कप घ्या. सचिनचे वडील गेले, तो मुंबईला परतला, त्याच्याशिवाय लेस्टरला झिम्बाब्वेविरुद्ध आपण 3 धावांनी हरलो. घरच्यांनी, त्यातही आईनं, परत पाठवला. 23 मे, ब्रिस्टल, केनिया. 101 चेंडूंत नाबाद 140. झोपेतून उठवून विचारा, चेंडूंसकट सांगेन. शतक झाल्यावर त्यानं आभाळाकडे बघितलं तेव्हा आमच्या चाळीत टीव्हीसमोर कोणी बोलत नव्हतं. दुःखामुळे ती खेळी लक्षात राहिली, झाकली गेली नाही. तसं बघायला गेलं तर केनियाची गोलंदाजी काय होती हो!

चहाटळ

काका, त्याच डावात समोर आणखी एक जण नाबाद 104 वर उभा होता. 237 धावांची अभेद्य भागीदारी. राहुल द्रविड म्हणतात त्याला. दुःखानं झाकलेला खेळाडू शोधताय ना, सापडला.

जुना_क्रिकेटवेडा

😀 हे बाकी खरं. द्रविडचं शतक मी आत्ता स्कोअरकार्ड बघूनच मान्य केलं.

अनवाणी

काका, सचिनचं ते एकदिवसीय सामन्यातलं 22 वं शतक होतं. एकवीस शतकांच्या ढिगावर दुःख येऊन बसलं तर ढीग दिसतोच. धनलक्ष्मीच्या बाबतीत ढीगच लोकांनी पाहिलेला नव्हता. माझा धागा सचिनबद्दल नाही, ज्यांची पहिली ओळखच रडण्याने होते त्यांच्याबद्दल आहे.

आणि ब्रिस्टलचा एक तोटा मला वाटतो. "वडील गेले आणि चौथ्या दिवशी मैदानात" ही तेव्हापासून फूटपट्टी झाली. विराट 2006 ला, वडील पहाटे गेले आणि सकाळी दिल्लीच्या कोटला मैदानावर कर्नाटकविरुद्ध अपुरा डाव पुढे खेळायला गेला, 90 केल्या. सिराज 2020 ला वडील गेले तरी ऑस्ट्रेलियातून परतलाच नाही. दर वेळी वर्णनाचा सूर तोच, "याला म्हणतात निष्ठा". मग जो घरी जाऊन तेराव्यापर्यंत आईजवळ बसेल त्याला काय म्हणायचं?

रोखठोक_नाना

अश्विन म्हणायचं. फेब्रुवारी 2024, राजकोट कसोटी. ज्या दिवशी 500 वा बळी घेतला त्याच रात्री आई आजारी म्हणून कसोटी अर्धी टाकून चेन्नईला गेला. चौथ्या दिवशी परत आला. त्याला कोणी कमी लेखल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. फूटपट्टी तुमच्या डोक्यात आहे.

अनवाणी

तोही परतला आणि खेळला, म्हणून गोष्ट गोड झाली. नसता परतला तर?

रोखठोक_नाना

जर-तरला उत्तर नसतं.

शब्दवेडी

थोडं अवांतर. मी कीर्ती कॉलेजची. तेंडुलकर सर तिथे मराठी शिकवायचे. कवी, समीक्षक, अतिशय मृदू बोलणारा माणूस. आमच्यासाठी सर गेले होते, बाकी देशासाठी सचिनचे वडील गेले. त्या आठवड्यात जो भेटेल तो विचारायचा, "आता सचिन खेळणार का?" सरांच्या कवितेबद्दल एकानंही विचारलं नाही. झाकलं जाणं दोन्ही बाजूंनी असतं. वर जुना_क्रिकेटवेडा यांनी 101 चेंडू लिहिले, सरांचं नाव लिहिलं नाही. चूक काढत नाहीये हो, फक्त दिसलं.

जुना_क्रिकेटवेडा

प्रा. रमेश तेंडुलकर. लिहायला हवं होतं.

हौन्स्लोकर

इकडचं, इंग्लंडचं एक उदाहरण देतो, म्हणजे दुसरं टोक दिसेल. क्रिकेटपटू बेन स्टोक्स. 2019 च्या जुलैत वर्ल्ड कप जिंकून दिला, 25 ऑगस्टला हेडिंग्लेला नाबाद 135 करून हरलेली अॅशेस कसोटी एका विकेटनं काढली. सगळा देश डोक्यावर घेऊन नाचत होता. आणि 17 सप्टेंबरला 'द सन' या पेपरनं पहिल्या पानावर त्याच्या आईच्या आयुष्यातली एक भयंकर घटना छापली. घटना 1988 ची, न्यूझीलंडमधली. स्टोक्सचा जन्म 1991 चा. म्हणजे तो जन्मायच्या आधीची. त्याच्या खेळाशी संबंध शून्य.

पेपरचा बचाव काय, तर त्या काळी न्यूझीलंडमध्ये हे सगळं छापून आलेलं आहे, गुपित थोडंच आहे? स्टोक्स आणि त्याच्या आईनं दावा लावला. 2021 मध्ये पेपरनं माफी मागितली आणि भरपाई दिली.

मी त्या सकाळी ट्यूबमध्ये (लंडनची भुयारी रेल्वे) होतो. समोरच्या बाकावर कोणीतरी टाकून गेलेला अंक पडला होता. उचलला, पान उलटून आतली बातमी पूर्ण वाचली आणि मग "काय हे लोक!" असं म्हणालो. या क्रमानं.

नवा_आयडी_२

पण नेमकं काय झालं होतं त्याच्या आईच्या बाबतीत?

हौन्स्लोकर

इथे लिहिणार नाही.

वकीलीणबाई

हौन्स्लोकर यांनी सांगितलेला बचाव आपल्याकडे बऱ्यापैकी टिकला असता, हे सांगायला हवं. 1994 च्या राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू या निकालात (ऑटो शंकर प्रकरण) सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणाचा हक्क मान्य केला, पण जे सार्वजनिक दस्तऐवजात आहे ते छापायला हरकत नाही, असा अपवादही ठेवला. 2017 च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणा मूलभूत हक्क झाला हे खरं. तरी एखादी धावपटू वाहिनीविरुद्ध दावा लावून वर्षानुवर्षं तारखा घेत बसेल, असं मला वाटत नाही.

प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत वैयक्तिक शोकाच्या क्षणी छायाचित्रं घेऊन घुसखोरी टाळावी असं स्वच्छ लिहिलेलं आहे. पण कौन्सिलचा अधिकार छापील माध्यमांपुरता, तोही समज देण्याचा आणि ताशेरे ओढण्याचा. दंड नाही. वाहिन्यांचं त्यांचं त्यांचं स्वनियमन. आणि ज्यानं सनई लावली तो तर तुमच्या-माझ्यासारखाच मोबाइलवाला. त्याला कुठली आचारसंहिता?

डेस्कवरचा

बारा वर्षं एका दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर होतो, नाव विचारू नका. धागाकर्तीनं ज्या दोन बातम्या सांगितल्या त्या दोन्ही माझ्या हातून गेल्या असाव्यात. मार्चमधली वृत्तसंस्थेकडून आलेली कॉपी होती, तिचं 'संक्षिप्त'मध्ये चार ओळींचं काहीतरी केलं. आयपीएल तोंडावर होती, पानावर जागा कुठली! शिवाय दुसऱ्याच दिवशी 200 ची अंतिम शर्यत धावपटू हिमा दासनं जिंकली, मग मथळ्यात हिमा. ऑगस्टमधल्या बातमीला तीन कॉलम आणि फोटो.

दुष्टपणा नव्हता त्यात. रात्री साडेदहाला पान लावताना समोर दोन गोष्टी असतात. एक आकडा, जो समजावून सांगायला आणखी सहा ओळी लागतात (विक्रम कुणाचा, किती जुना, 4 शतांश म्हणजे काय). आणि एक फोटो, ज्याला ओळच लागत नाही. अकराला पान सोडायचं असतं. तुम्ही काय उचलाल?

एक मात्र कबूल करतो. मथळ्याचे साचे तयार असायचे. "अश्रू पुसून", "दुःखाचा डोंगर कोसळूनही", "वडिलांचे स्वप्न". हॉकीपटू वंदना कटारियानं टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली, ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी पहिली भारतीय महिला. मेमध्ये वडील गेले होते, ती बंगळूरच्या शिबिरात, घरी जाता आलं नव्हतं. मी मथळा दिला "वडिलांना अनोखी श्रद्धांजली". गोल 4 थ्या, 17 व्या आणि 49 व्या मिनिटाला झाले होते. सामना 4-3 असा सुटला, म्हणजे तिचा एक जरी गोल कमी पडता तरी विजय हुकता. ते शेवटच्या परिच्छेदात गेलं आणि जागा कमी पडल्यावर शेवटचाच परिच्छेद कापतात, हे तुम्हाला माहीत असेलच.

रोखठोक_नाना

डेस्कवाल्या दादा, मनापासून लिहिलंत. पण एक विचारतो. सिराजनं स्वतः सांगितलंय की सिडनीला राष्ट्रगीताच्या वेळी डोळे भरले ते वडिलांच्या आठवणीनं. हैदराबादला उतरला तो घरी न जाता थेट कब्रस्तानात गेला. रिक्षा चालवून पोराला खेळवणारा बाप होता तो. सिराजला ते सांगायचं होतं. ब्रिस्बेनचे 73 धावांत 5 बळी त्याला बापाच्या नावावर लावायचे होते. आता "खेळाबद्दल बोल, बापाबद्दल नको" असं त्याला आपण सांगणार का? दुःखाची बातमी नको म्हणणारे शहरी लोक असतात. गावाकडं माणूस गेला की अख्खा गाव दारात येतो, कोणी म्हणत नाही खासगीपणा.

अनवाणी

गाव दारात येतो तो स्वयंपाक घेऊन येतो, नाना. मोबाइल वर धरून नाही.

सिराजचं तुमचं बरोबर आहे. त्यानं सांगितलं. धनलक्ष्मीनं सांगितलं नव्हतं, तिलाच सांगितलं गेलं होतं, तेही आपल्या सगळ्यांच्या समोर. माझ्या लेखी फरक एवढाच आहे आणि तो मोठा आहे.

खो_दे

बराच वेळ वाचतोय. मी खो-खोचा प्रशिक्षक, सांगली जिल्हा. आमच्या मंडळाच्या एका मुलीचे वडील राज्य अजिंक्यपद स्पर्धेच्या नऊ दिवस आधी अपघातात गेले. आम्ही धरून चाललो होतो की ती येणार नाही. निघायच्या दिवशी पहाटे पाच वाजता ती एसटी स्टँडवर बॅग घेऊन उभी. सोबत चुलता. म्हणाला, "घरात नुसती भिंतीकडं बघत बसतीय, घेऊन जा हिला."

उपांत्य सामना जिंकलो. पोरी अजून धापा टाकतायत, हिच्या कोपराला सूर मारून मारून खरचटलेलं, त्यावर मी पाणी ओततोय. एका स्थानिक वाहिनीचा पोरगा आला, माइक पुढं केला आणि पहिला प्रश्न, "बाबांची आठवण येते का?" तोवर ठीक होती. सामनाभर एकदाही पाय अडखळला नव्हता. त्या प्रश्नानं बसली खाली पाटीवरच. त्यानं ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी पेपरातही फोटो. खो-खोची बातमी कशी असते तुम्हाला ठाऊक आहे, प्रत्येकीच्या नावापुढं किती मिनिटं संरक्षण, किती गडी. तिच्या सगळ्या मैत्रिणींची वेळ होती. हिच्या नावापुढं "पितृछत्र हरपलेल्या". वेळ नव्हती.

तिनं ते कात्रण माझ्याकडं आणून दिलं आणि विचारलं, "सर, माझं संरक्षण किती होतं?"

चहाटळ

बास. मी काही बोलत नाही आता.

रोखठोक_नाना

सर, हे वाचून जरा थांबलो. तरी सांगतो, दोष त्या माइकवाल्या पोराचा, अख्ख्या माध्यमांचा नाही. त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

डेस्कवरचा

त्याला आम्हीच शिकवलेलं असतं, नाना.

नवा_आयडी_२

खूप भावस्पर्शी प्रसंग! खो_दे सर, ती मुलगी आता काय करते? नाव, गाव सांगाल का? मी एका पेजसाठी लिहितो, तिच्या संघर्षावर छान लेख होईल.

खो_दे

तिला विचारून सांगतो.

खो_दे (दोन दिवसांनी)

विचारलं. नको म्हणाली. लिहायचंच असेल तर हे लिहा म्हणाली: उपांत्य सामना, 11-9 ने विजय. पहिल्या डावात संरक्षण 2.40 मि., दुसऱ्या डावात 1.50 मि., आक्रमणात 3 गडी. त्यातला एक खांबावर.