नेरुळ जेट्टीजवळ कुत्र्याला फिरवताना कोल्हा समोर आला, मी काय करायला हवं होतं?

गुंड्याची आई, नेरुळ

काल पहाटे सव्वापाचला गुंड्याला घेऊन जेट्टीच्या रस्त्याला गेले होते. गुंड्या गावठी आहे, सात वर्षांचा, अकरा किलोचा. खारफुटी सुरू होते तिथला दिवा बंद आहे. तिथे तो एकदम थबकला. शेपूट खाली, पाठीवरचे केस उभे. मला वाटलं भटकं कुत्रं असेल. टॉर्च मारला तर दहा-बारा पावलांवर कोल्हा! निमुळतं तोंड, तांबूस पाय, शेपटीचं टोक काळं. पळाला नाही. उलट दोन पावलं पुढे आला.

मी गुंड्याला उचललं आणि पळत सुटले. वळून पाहिलं तर तो रस्त्याच्या कडेने मागोमाग येत होता, अंतर ठेवून. वस्तीचे दिवे लागले तसा दिसेनासा झाला.

घरी येऊन सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, ते करायला नको होतं. दुपारपर्यंत कुणी पिंजरा मागवतंय, कुणी पावात औषध घालायचं म्हणतंय. मला रात्री झोप लागली नाही. अठरा वर्षं इथे राहतेय, माझी मुलगी कोल्हेकुई ऐकत मोठी झाली. माझ्या एका मेसेजने त्याचा जीव जायला नको.

मी पळाले ते चुकलं का? तो मागे का आला? आणि गुंड्या रोज तिथलं गवत हुंगतो, त्याला काही लागण होईल का?

आता ऐरोलीत, आधी शिकागो

पळालात ते चुकलं. कुत्र्याच्या जातीच्या जनावरासमोर पळणारी वस्तू दिसली की ते आपोआप तिच्या मागे लागतं. छोट्या कुत्र्याला उचलणं मात्र बरोबर.

शिकागोत सहा वर्षं होतो, तिथे कायोटी असतात, आपल्या कोल्ह्याचे थोराड भाऊबंद. तिथल्या कुक काउंटीत 2000 सालापासून त्यांना रेडिओपट्टे बांधून अभ्यास चालू आहे. कायोटी भर शहरात राहतात आणि बहुतेक लोकांना दिसतही नाहीत. पिल्लांच्या दिवसांत बिळाजवळून कुत्रं गेलं की ते असेच मागोमाग चालतात, आपल्या हद्दीबाहेर पोचवून येतात. तुमच्या कोल्ह्याचंही तसंच असावं असं मला वाटतं.

मी तिथे शिकलो ते असं : पट्टा आखूड धरायचा. लांबत जाणारा, गुंडाळीचा पट्टा अशा ठिकाणी नकोच. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरायचं. जवळ आला तर हात वर करून मोठ्याने ओरडायचं. दगड मारायची गरज पडत नाही.

करावे गावचा

ताई, तो कोल्हा तुमच्या वाटेत आला नाही, त्याचीच वाट आहे ती. माझे वडील खाजणात भात लावायचे, तेव्हा बांधावर रोज कोल्हे दिसायचे. तिवरांत, म्हणजे खारफुटीत, त्याला चिंबोऱ्या, निवट्या (चिखलातले मासे), उंदीर सगळं मिळतं. मोठ्या उधाणाला पाणी आत शिरलं की तो कोरड्याला, म्हणजे रस्त्यावर येतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास त्या बाजूला जाऊ नका, गेलात तर उजाडल्यावर जा.

खरा घोळ जेट्टीवर टाकलेल्या कोंबडीच्या पिसांचा आणि उरलेल्या बिर्याणीचा आहे. ते खायला कुत्री येतात, कुत्र्यांमागे तो येतो, आणि एकदा माणसाजवळ अन्न मिळतं हे कळलं की त्याची भीड मोडते. कालचा दोन पावलं पुढे आला ना, मला त्याचीच काळजी वाटते. कुणीतरी खायला घालतंय.

पशुवैद्य, वाशी

गवत हुंगून रेबीज होत नाही, तो चाव्यातल्या लाळेतून होतो. पार्व्हो या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू मात्र मातीत कित्येक महिने तग धरतो, आणि डिस्टेंपर हा दुसरा विषाणूजन्य रोग कोल्ह्यालाही होतो, कुत्र्यालाही. म्हणून गुंड्याची रेबीजची लस आणि पार्व्हो-डिस्टेंपरची एकत्रित लस, दोन्ही वेळेवर हव्यात. कार्ड काढून तारखा बघा.

2024 मध्ये चेंबूर-ट्रॉम्बेकडे मेलेल्या कोल्ह्याच्या तपासणीत रेबीज सापडला होता, त्यामुळे हलक्यात घेऊ नका. तोल जातोय, लाळ गळतेय, काही कारण नसताना अंगावर येतोय, असा कोल्हा दिसला तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. कुत्र्याला चावला तर लस झालेली असली तरी पुन्हा द्यावी लागते.

पिंजऱ्याचं म्हणाल तर कोल्हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, परवानगीशिवाय त्याला पकडता येत नाही. पावात औषध घालणं हा गुन्हा आहे, आणि ते आधी खातील तुमच्या आवारातली मांजरं.

गुंड्याची आई, नेरुळ

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्ड पाहिलं : रेबीजची लस झाली आहे, दुसरी चार महिने लांबलीय. उद्याच नेते.

डॉक्टरांचा शेवटचा परिच्छेद ग्रुपवर जसाच्या तसा टाकला. औषधाचं लिहिणाऱ्या काकांनी मेसेज काढून टाकला. आज सकाळी साडेसहाला गेलो होतो. कोल्हा दिसला नाही, पण खांबाखाली ॲल्युमिनियमच्या डब्यात भात होता, ताजा. करावेचे दादा म्हणाले ते खरं निघालं. डबा उचलून आणला. उद्या पुन्हा डबा दिसला तर तिथे थांबून कोण ठेवतंय ते पाहणार आहे, त्यांच्याशी नीट बोलायचंय.