डालड्याचा डबा तुमच्या घरात कसा आला, कसा राहिला?

मागच्या महिन्यात आईच्या घरचा माळा आवरताना एक पिवळा डबा हाती आला. त्यावरचे हिरवे ताडाचे झाड अर्धे गंजले होते आणि आत सारीपाटासाठी जमवलेले चिंचोके होते. डच आयातदाराच्या ‘डाडा’ या नावात लीव्हर कंपनीचा ‘ल’ बसवून 1937 साली बाजारात आलेला हा डालडा, म्हणजे वनस्पती तूप, आमच्या घरी तुपापेक्षा कमी मानाचा, पण तुपापेक्षा अधिक खपाचा होता. तुमच्या घरच्या आठवणी सविस्तर लिहाव्यात, ही विनंती.

सातारा

उन्हाळ्याच्या सुट्टीत बेकरीतून नानकटाई करून आणण्याचा एक दिवस ठरलेला असे. मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडा आपण न्यायचा. बेकरीवाला भाजून देई आणि किलोमागे मजुरी घेई. डालडा आणि पिठीसाखर फेसण्याचे काम मात्र आई कोणावरही सोडत नसे. परातीत तळहाताने गोल गोल घासत राहायचे, मिश्रण पांढरे आणि हलके होत जायचे, आणि वाटीतल्या पाण्यात टाकलेला त्याचा थेंब वर तरंगला की मगच तिचा हात थांबायचा. साजूक तुपाची नानकटाई एकदा करून पाहिली होती. वास उत्तम आला, पण मे महिन्यात तूप पातळ होऊन फेसलेच गेले नाही, आणि नानकटाया पत्र्यावर पसरून एकमेकींना चिकटल्या. वनस्पती तेलात हायड्रोजन मिसळून त्याला घट्टपणा आणतात, हे नंतर शाळेत शिकलो. आईला त्याचा उपयोग आधीच ठाऊक होता.

मुंबई, गिरगाव

आमच्या चाळीत डालडा आठवतो तो टंचाईमुळे. 1972 नंतरच्या महागाईत वाण्याकडे डालडा आल्याची बातमी जिन्यावरून वर येई आणि बायका पिशव्या घेऊन धावत. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध निघालेल्या लाटणे मोर्चात आमच्या मजल्यावरच्या चौघीजणी गेल्या होत्या. आजीने आपले चांगले लाटणे मात्र दिले नाही, तडा गेलेले दिले.

कोकणातून

अंगणातली तुळस डालड्याच्या डब्यात, तांदूळ मोजायचे माप डालड्याचा डबा, आणि पहाटे माळावर न्यायचे टमरेलही तेच. तिन्ही डबे एकाच आकाराचे असल्याने पाहुण्यांना कोणता कुठला हे आधी सांगून ठेवावे लागे.

पुणे

मी अन्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. वनस्पती तुपात किमान 5 टक्के तिळाचे तेल घालण्याची कायद्याने सक्ती होती. त्यामागचा हेतू चवीचा नव्हता. साजूक तुपात कोणी वनस्पती मिसळली तर ती पकडता यावी, यासाठी ती खूण होती. वितळवलेल्या तुपात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरालचे थेंब घालून नळी हलवायची आणि स्थिर ठेवायची. तिळाचे तेल असेल तर खालचा आम्लाचा थर गुलाबी-लाल होतो. एकदा घरचेच, ओळखीच्या माणसाकडून ‘गावाकडचे’ म्हणून घेतलेले तूप मी हौसेने तपासले. नळी तळाशी डाळिंबाच्या रसासारखी लाल झाली. घरी सांगितल्यावर आईचा पहिला प्रश्न होता, ‘मग वास कसा येत होता?’ (थोडे खरे तूप मिसळले की वास येतोच.) आता वनस्पतीवरील आक्षेप भेसळीचा कमी आणि ट्रान्स फॅटचा, म्हणजे हृदयाला अपायकारक चरबीचा, अधिक आहे, 2022 पासून त्याची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली आहे. तरीही चिरोट्यांच्या साट्याला आमच्याकडे अजून चमचाभर डालडाच लागतो, हे मी कबूल करतो.

अमरावती

मावशीच्या लग्नातली गोष्ट आहे. वरपक्षाच्या पंक्तीत साजूक तूप फिरले आणि आमच्या पंक्तीत तशाच तुपाच्या भांड्यातून, तशाच पळीने वितळवलेला डालडा. गरम भातावर फरक कळत नव्हता. मात्र भात निवू लागला तसा ताटाच्या कडेने पांढरा थर धरला. आजोबांनी तो बोटाने ओढून शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांना दाखवला, एक शब्दही बोलले नाहीत, आणि वाढप्याकडे ताक मागितले.